कॉफी बोर्ड: पूल ते खुला बाजार

1930 नंतरच्या मंदीत भाव कोसळले, तेव्हा दक्षिणेतल्या कॉफी मळेवाल्यांना देशातलं गिऱ्हाईक आठवलं. 1935 साली कॉफीवर उपकर बसवून समिती नेमण्यात आली. चहावर पोसलेल्या मुंबईला कॉफीची गोडी लागावी म्हणून तिने 1936 मध्ये चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस उघडलं. पुढे महायुद्धाने युरोपची दारं बंद केली आणि माल पडून राहिला. या अडचणीतून 1942 च्या कायद्याने कॉफी बोर्डाला आकार आला.

बोर्डाने ‘पूल’ पद्धत चालवली. घरापुरती आणि बियाण्याची कॉफी वगळता सगळा माल बोर्डाकडे द्यायचा, बोर्डाने लिलाव करायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने यायचे. पडत्या भावात आधार होता, पण चढत्या भावाचा लाभ उशिरा आणि कापूनछाटून हाती पडे. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराचे निर्यात कोटे मोडले, दोन वर्षांत सोव्हिएत संघ हे हुकमी गिऱ्हाईकही गेलं. टप्प्याटप्प्याने मोकळीक देत 1996 मध्ये पूल बंद झाला. खरेदीदार असलेलं बोर्ड आता सल्लागार झालं.

संशोधनाचं काम मात्र अखंड राहिलं. चिक्कमगळूरु जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या केंद्राची सुरुवात 1925 ची. तांबेऱ्याला तोंड देणारे वाण तिथे तयार झाले. अरेबिका जातीच्या कॉफीवरच्या पांढऱ्या खोडकिड्याने मात्र अजून पिच्छा सोडलेला नाही.

आज देशातली सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि उत्पादनात तितकाच वाटा रोबस्टा जातीचा आहे. बहुतेक माल परदेशी जातो. इटली मोठा ग्राहक. 2020-21 मध्ये निर्यात सुमारे 72 कोटी डॉलर होती, 2023-24 मध्ये ती 129 कोटींवर गेली. ही वाढ मुख्यतः भावाची आहे, पोत्यांची नाही.

पोती वाढणं आभाळाच्या हाती. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत रोबस्टा पांढऱ्या फुलांनी लगडते. सर चुकली तर तुषारसिंचन लावायचं. सर ऐन फुलोऱ्यावर आली तर फळधारणा बिघडते. तोडणीच्या वेळी पाऊस आला, तर खळ्यावर वाळत घातलेली फळं भिजतात. त्यात मजुरांची चणचण.

आता युरोपीय संघाचा नियम येऊ घातला आहे: 2020 नंतर जंगल तोडून लावलेली कॉफी चालणार नाही आणि प्रत्येक मळ्याचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागेल. अंमलबजावणी लांबली, तरी तयारी टळत नाही. देशातले सुमारे 99 टक्के उत्पादक 10 हेक्टरांच्या आतले. त्यांच्या नोंदणीचं काम बोर्डाकडेच आलं आहे.

भाव चढे असताना पूल कोणाला आठवत नाही. ते उतरले की लहान मळेवाल्याच्या पाठीशी कोण, याची सोय बोर्डाने तेजीतच करून ठेवायला हवी.