बोटांची लिपि

आंधळ्यांसाठीं उठावाच्या अक्षरांचें पुस्तक ज्यानें पहिल्यानें छापलें त्याला स्वतःला चांगलें दिसत होतें. आणि आंधळ्यांच्या शिक्षणांत पुढें साठसत्तर वर्षें जो घोळ चालला त्याचें मूळ, मला वाटतें, या साध्या गोष्टींतच आहे.

व्हालान्तँ आयुई हें त्याचें नांव. १७७१ मध्यें पॅरिसच्या सेंट ओव्हिडच्या जत्रेंत कांहीं आंधळ्यांना विदूषकी टोप्या घालून, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे चष्मे चढवून वाद्यें वाजवावयास बसविलें होतें. लोक पोट धरून हंसत होते. आयुईला हंसूं आलें नाहीं. पुढें १७८४ मध्यें चर्चच्या दाराशीं भीक मागणारा फ्रांस्वा लेस्यूर नांवाचा एक आंधळा मुलगा त्यानें हाताशीं धरला, शिकण्यामुळें त्याची जी भीक बुडेल ती स्वतः भरून देण्याचें कबूल केलें, आणि जाड ओलसर कागदावर रोमन अक्षरांचे उठाव उमटवून त्याला वाचावयास शिकविलें. आंधळा मुलगा भर सभेंत पुस्तक वाचतो हें पाहून पॅरिस थक्क झालें. या कामावरील आयुईचा निबंध १७८६ मध्यें प्रसिद्ध झाला.

आयुईची थोरवी निर्विवाद आहे. परंतु रोमन अक्षर हें डोळ्यासाठीं घडलेलें आहे. डोळा आकृति एका दृष्टिक्षेपांत उचलतो. बोटाला रेघेच्या कडेकडेनें चालत जावें लागतें, आणि वळण संपेपर्यंत हा ‘सी’ कीं ‘जी’ याचा निर्णय होत नाहीं. अक्षरें मोठीं म्हणून पुस्तकें अवजड, अवजड म्हणून महाग, महाग म्हणून थोडीं. त्याहून वाईट म्हणजे या रीतीनें वाचतां येई, पण हातानें लिहिलेलें पुन्हा बोटानें वाचतां येत नसे. वाचतां येतें पण लिहितां येत नाहीं, त्या माणसाला साक्षर म्हणावें काय? आयुईचा हेतु मात्र क्षुद्र नव्हता. आंधळ्याची लिपि डोळसाहून निराळी झाली तर तो समाजांतून तुटेल, अशी त्याची धास्ती होती. ही धास्ती लक्षांत ठेवावी. ती पुढें पुन्हा येणार आहे, आणि तेव्हां ती इतकी निरुपद्रवी राहणार नाहीं.

या शाळेंत १८१९ मध्यें लुई ब्रेल हा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. कूव्रे गांवच्या जिनगराचा हा धाकटा मुलगा. तिसऱ्या वर्षीं बापाच्या कारखान्यांत चामडें टोंचावयाच्या हत्याराशीं खेळतांना तें एका डोळ्यांत गेलें. विकार दुसऱ्या डोळ्यांत पसरला, आणि पांचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. १८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नांवाच्या तोफखान्यांतील एका जुन्या अधिकाऱ्यानें शाळेपुढें आपली टिंबांची पद्धति मांडली. सैनिकांना काळोखांत निरोप वाचतां यावेत म्हणून त्यानें ती काढली, ही गोष्ट सर्वत्र सांगतात. तिचा आधार कच्चा आहे. ज्यांच्या नशिबीं शाळा नाहीं अशांना झटपट लिहितां यावें, हाच त्याचा खरा ध्यास दिसतो. कागदावर टोंचलेलें टिंब बोटाला रेघेपेक्षां स्पष्ट कळतें आणि साध्या टोकदार साधनानें उमटवितां येतें, हा शोध बार्बिएचा; ब्रेलनें त्याचें ऋण आपल्या पुस्तकांत मोकळेपणानें मान्य केलें आहे.

पण बार्बिएच्या पद्धतींत दोन दोष होते. एका चिन्हाला बारापर्यंत टिंबें लागत. तीं एका बोटाच्या पेऱ्याखालीं मावत नसत. दुसरा दोष अधिक खोल होता. चिन्हें उच्चाराचीं होतीं; शुद्धलेखन नाहीं, विरामचिन्हें नाहींत, अंक नाहींत. गरीब आंधळ्याला शुद्धलेखन काय करावयाचें, असा या दयाळू गृहस्थाचा समज असावा. ब्रेलला तो मान्य नव्हता. इतर मुलें जी फ्रेंच लिहितात तीच त्याला लिहावयाची होती. गणित हवें होतें, आणि तो ऑर्गन वाजवीत असल्यामुळें संगीताचीं स्वरचिन्हेंहि हवीं होतीं. पंधराव्या वर्षीं, म्हणजे १८२४ मध्यें, त्याची योजना बहुतेक सिद्ध झाली. १८२९ मध्यें ती छापली गेली व १८३७ मध्यें सुधारून पुन्हा निघाली. तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या ओळी, एकूण सहा. त्यांतून ६३ निरनिराळीं चिन्हें होतात आणि प्रत्येक चिन्ह एका पेऱ्याखालीं बसतें. पहिलीं दहा अक्षरें वरच्या चार टिंबांत. त्यांनाच खालचें डावें टिंब जोडलें कीं पुढचीं दहा. रोमन अक्षराच्या आकृतीशीं त्यांचें कांहींएक साम्य नाहीं. डोळ्याची मर्जी राखावयाची नाहीं हें ठरविल्यावरच ही लिपि शक्य झाली.

मर्जी न राखण्याचें प्रायश्चित्त तिला लौकरच मिळालें. ब्रेलला उत्तेजन देणारे प्रमुख पिन्ये १८४० मध्यें दूर झाले आणि द्यूफो त्यांच्या जागीं आले. त्यांनीं टिंबांची लिपि बंद करून उठावाच्या रोमन अक्षरांचा एक नवा सांचा आणला; जुनीं पुस्तकें जाळलीं असेंहि सांगतात. कारण तेंच, आयुईचें: निराळी लिपि आंधळ्यांना वेगळें पाडील. त्यामागें न बोललेलें दुसरें एक कारण असावें असा मला दाट संशय आहे. जी लिपि शिक्षकाला वाचतां येत नाहीं आणि विद्यार्थ्याला सरसर वाचतां येते, तिनें वर्गांतील थोरलेधाकटेपण उलटें होतें. मुलें चोरून टिंबें टोंचीत राहिलीं. अखेर सहकारी गादे यांनीं द्यूफोंचें मन वळविलें, आणि २२ फेब्रुवारी १८४४ रोजीं शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगीं या लिपीचा जाहीर प्रयोग झाला. ६ जानेवारी १८५२ रोजीं ब्रेल क्षयानें वारला. फ्रान्सनें त्याची लिपि अधिकृतपणें स्वीकारली ती १८५४ मध्यें. शंभर वर्षांनीं, १९५२ मध्यें, त्याच्या अस्थि पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रपुरुषांच्या समाधिमंदिरांत नेण्यांत आल्या. हात मात्र कूव्रे गांवानें आपल्याकडे ठेवून घेतले.

इंग्लंडांत हाच वाद एका डॉक्टरनें फार शहाणपणानें मिटविला. आर्मिटेज यांची दृष्टि गेल्यामुळें त्यांना वैद्यकी सोडावी लागली होती. १८६८ मध्यें त्यांनीं स्थापिलेल्या मंडळाचा नियम असा कीं, निर्णय देणारे सभासद आंधळे किंवा जवळजवळ आंधळे असावेत, त्यांना निदान तीन पद्धति वाचतां याव्यात, आणि कोणत्याहि पद्धतींत त्यांचा पैशाचा संबंध नसावा. ब्रेल निवडली गेली. अमेरिकेंतील भांडणाची हकीकत लांबलचक व कंटाळवाणी आहे. दोन्ही देशांतील इंग्रजी वाचकांसाठीं एकच ब्रेल ठरली ती १९३२ मध्यें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आपल्याकडे १८८७ मध्यें ॲनी शार्प यांनीं अमृतसरास आंधळ्यांची शाळा काढली. मुंबईस अमेरिकन मिशनची शाळा १९०० मध्यें निघाली. शाळा आल्या तशा ब्रेलहि आल्या, आणि प्रत्येक प्रांताची निराळी: कलकत्त्याची शाह ब्रेल, मिशनऱ्यांची ओरिएंटल ब्रेल, आणखी कितीतरी. मूळचीं पुस्तकें मूठभर, आणि तींहि एकमेकांना अनोळखी! १९४९ मध्यें भारत सरकारनें हा प्रश्न युनेस्कोपुढें नेला. बैरूट येथील परिषदेनंतर १९५१ मध्यें भारती ब्रेल ठरली. तिच्यांत मराठी ‘क’, बंगाली ‘क’, तमिळ ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ या सर्वांचें चिन्ह एकच. डोळ्यांना ज्या लिपि परक्या वाटतात त्या बोटाखालीं सख्ख्या निघाल्या. छापील देवनागरींत ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं येते. ब्रेलमध्यें ‘क’ आधीं व ‘इ’ मागून, जसें आपण बोलतों तसें. आपल्या ‘ळ’लाहि स्वतंत्र स्थान आहे: उजव्या ओळीचीं तिन्ही टिंबें.

आतां संगणक आले आहेत व पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारीं वाचकयंत्रें आलीं आहेत. पूर्वीं त्यांची किंमत विद्यार्थ्याच्या आवांक्याबाहेर असे. २००६ मध्यें मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानें एन. व्ही. डी. ए. नांवाचें वाचकयंत्र करावयास घेतलें व तें सर्वांस फुकट दिलें. जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघेहि आंधळे. हें यंत्र मराठीहि वाचतें, आवाज किंचित् रुक्ष असला तरी.

पण त्याच्यापुढें आपण काय ठेवतों? युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठीचे जे फाँट निघाले, त्यांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचीं चित्रें बसविलेलीं असत. पडद्यावर सुंदर मराठी दिसते; यंत्र मात्र अर्थहीन रोमन अक्षरें बडबडत सुटतें. अशा फाँटांतील मजकूर अजूनहि ठिकठिकाणीं पडून आहे. शिवाय पुस्तकांच्या पानांचीं छायाचित्रें काढून तींच विद्यार्थ्यांना पाठविण्याची चाल आम्हां अध्यापकांत पडली आहे. त्यांपुढें वाचकयंत्र मुकें होतें. छायाचित्रांतून अक्षरें ओळखणारीं साधनें निघालीं आहेत खरीं, परंतु जुन्या छापखान्यांचे झिजलेले खिळे व आपलीं जोडाक्षरें यांच्यापुढें तीं अडखळतात. मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत वर्गांतलीच एखादी मुलगी तीं पानें आपल्या मैत्रिणीसाठीं पहिल्या ओळीपासून पुन्हा टंकावयास बसते.