पोलादाचे कारखाने आणि तीन सत्ता : अमेरिका, १९५२

मागच्या वेळी आपण अमेरिकेच्या राज्यघटनेचा सांगाडा पाहिला. कायदे करणारी काँग्रेस, ते अमलात आणणारा राष्ट्राध्यक्ष आणि अर्थ लावणारी न्यायालयं. (काँग्रेस म्हणजे इथे पक्ष नव्हे बरं का, त्यांची संसद. सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून.) नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तीन चौकोन काढून बाण दाखवतात, तसं ते चित्र. पण त्या चौकोनांच्या रेषा नेमक्या कुठे आहेत, हे चित्रात कळत नाही. भांडण झालं की कळतं. म्हणून आज आपण एकच भांडण सावकाश बघू. साल १९५२.

कोरियात युद्ध चालू आहे. अमेरिकन सैनिक तिथे लढताहेत. तोफा, रणगाडे, दारूगोळा, सगळ्याला पोलाद लागतं. आणि नेमका पोलाद कामगारांचा पगारवाढीचा करार १९५१च्या ३१ डिसेंबरला संपलेला आहे. सरकारच्या विनंतीवरून कामगार संघटनेने संप पुन्हा पुन्हा पुढे ढकलला. सरकारच्याच वेतन मंडळाने पगारवाढीची शिफारस केली. कंपन्या म्हणाल्या, पगार वाढवतो, पण मग पोलादाची किंमतही भरपूर वाढवू द्या. महागाईच्या भीतीने सरकार तेवढी वाढ द्यायला तयार नाही. गाडी अडली. ९ एप्रिल उजाडताच संप, असं जाहीर झालं.

आता राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्यापुढे काय मार्ग होते? एक मार्ग कायद्यात लिहिलेला होता. १९४७च्या टाफ्ट-हार्टले कायद्यानुसार सरकार न्यायालयात जाऊन ८० दिवसांपुरता संप थांबवू शकत होतं. पण याच कायद्यावर ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला होता, आणि काँग्रेसने दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी तो मोडून कायदा संमत केला होता. कामगारांना हा कायदा नकोसा होता. शिवाय ट्रुमन यांचं म्हणणं, या लोकांनी ८० दिवसांहून जास्त काळ आपण होऊन कळ काढली आहे, आता पुन्हा त्यांनाच बांधायचं? यात तथ्य होतं, हे आपण मान्य केलं पाहिजे.

त्यांनी दुसरा मार्ग घेतला. ८ एप्रिलच्या रात्री रेडिओ आणि टेलिव्हिजनवरून भाषण करून त्यांनी जाहीर केलं की देशातले बहुतेक मोठे पोलाद कारखाने सरकार ताब्यात घेत आहे. वाणिज्यमंत्री चार्ल्स सॉयर यांना तसा आदेश दिला. प्रत्यक्षात काय बदललं? फारसं काही नाही. कंपनीचे अध्यक्ष त्याच खुर्चीत, फक्त आता ते सरकारच्या वतीने कारखाना चालवणार. भट्ट्या चालू राहिल्या. दुसऱ्या दिवशी ट्रुमन यांनी काँग्रेसला कळवलं, की मी असं केलं आहे, तुम्हाला वेगळं काही करायचं असेल तर करा. पुन्हा २१ तारखेला कळवलं. काँग्रेसने ना मंजुरीचा कायदा केला, ना नामंजुरीचा. ती गप्प राहिली. हे गप्प राहणं लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिथेच यायचं आहे.

कंपन्या न्यायालयात गेल्या. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश डेव्हिड पाइन यांच्यासमोर सरकारी वकिलाने सांगून टाकलं की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकारी सत्तेवर दोनच बंधनं आहेत. एक मतपेटी, दुसरं महाभियोग. म्हणजे मधल्या चार वर्षांत न्यायालयाने विचारायचं नाही! या युक्तिवादाने देशभर खळबळ उडाली. २९ एप्रिलला पाइन यांनी ताबा बेकायदा ठरवला. अपील न्यायालयाने त्या निकालाला तात्पुरती स्थगिती दिली, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात आलं. १२ आणि १३ मेला सुनावणी झाली.

आता त्या बाकावर कोण बसलं होतं ते बघू. नऊ न्यायमूर्ती. त्यांतले पाच फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नेमलेले, चार खुद्द ट्रुमन यांनी. म्हणजे नऊच्या नऊ ट्रुमन यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. आपल्याकडच्या सवयीने कुणीही म्हणेल, निकाल ठरलेलाच आहे.

२ जून १९५२ला निकाल लागला. सहा विरुद्ध तीन, ट्रुमन यांच्या विरोधात. ट्रुमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघं त्यांच्या विरोधात गेले. त्यांतले एक, टॉम क्लार्क, हे तर पूर्वी ट्रुमन यांचेच अॅटर्नी जनरल होते.

मुख्य निकालपत्र ह्यूगो ब्लॅक यांचं. त्यांचा मुद्दा सरळ होता. कुणाची मालमत्ता कोणत्या परिस्थितीत ताब्यात घ्यायची हे ठरवणं म्हणजे कायदा करणं. कायदा काँग्रेस करते. राष्ट्राध्यक्ष सेनादलांचे सरसेनापती असले, तरी देशातल्या कारखान्यांचे सरसेनापती नाहीत. शिवाय १९४७ साली असा ताबा घेण्याचा अधिकार कायद्यात घालावा का, हा विचार काँग्रेसपुढे आला होता आणि तिने तो घातला नव्हता.

पण इतिहासात टिकलं ते दुसरं मत. रॉबर्ट जॅक्सन यांचं. हा माणूस समजून घेण्यासारखा आहे. १९४१ साली रूझवेल्ट यांनी संपामुळे कॅलिफोर्नियातला एक विमान कारखाना ताब्यात घेतला होता. तेव्हा अॅटर्नी जनरल होते जॅक्सन, आणि त्या ताब्याचं समर्थन त्यांनीच केलं होतं. अकरा वर्षांनी सरकारी वकिलाने तोच दाखला त्यांच्यासमोर ठेवला. जॅक्सन यांनी तो मानला नाही. दोन्ही प्रकरणांतला फरक त्यांनी दाखवलाच, पण वकील म्हणून पूर्वी मांडलेली बाजू न्यायाधीश म्हणून आपल्याला बांधत नाही, अशीही भूमिका घेतली. मधल्या काळात ते न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवरच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता होते. हिटलरच्या आधीच्या जर्मन राज्यघटनेत आणीबाणीची तरतूद होती आणि तिच्या वाटेने काय घडलं, याचा उल्लेख त्यांच्या या मतात येतो.

जॅक्सन यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. काँग्रेसने अधिकार दिलेला असेल, तर राष्ट्राध्यक्षाची सत्ता सर्वांत जास्त, कारण त्याच्या हातात स्वतःची आणि काँग्रेसची अशी दोन्ही बळं असतात. काँग्रेसने काहीच म्हटलं नसेल, तर मधला धूसर पट्टा, तिथे परिस्थिती बघावी लागते. आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध तो वागत असेल, तर सत्ता सर्वांत कमी. पोलादाचा ताबा त्यांनी या तिसऱ्या पायरीवर टाकला. काँग्रेस एप्रिल-मेमध्ये गप्प असली, तरी तिने संपासाठी दुसरी वाट आधीच आखून दिलेली होती.

आपल्या त्या तीन चौकोनांच्या चित्रात नेमकं हेच येत नाही. राष्ट्राध्यक्षाची सत्ता म्हणजे मोजून ठेवलेलं पीठ नव्हे. शेजारचा काय म्हणतो त्यावर ती कमी-जास्त होते. सैन्य त्याच्या हातात, पण त्यासाठीचा पैसा काँग्रेस मंजूर करणार. न्यायाधीश तो सुचवणार, पण सिनेटने मान्यता दिली तरच नेमणूक. नेमल्यावर मात्र तो न्यायाधीश त्याच्या हातात राहत नाही, कारण पद तहहयात असतं. क्लार्क यांनी तेच दाखवलं.

निकालानंतर काय झालं? न्यायालयाकडे सैन्य नाही, तिजोरी नाही. हॅमिल्टन यांनी १७८८मध्येच हे लिहून ठेवलं होतं. ट्रुमन निकालावर चिडले होते. पण त्याच दिवशी त्यांनी कारखाने परत करायला सांगितलं. लगेच संप सुरू झाला, साडेपाच लाखांहून अधिक कामगार बाहेर पडले, आणि तो २४ जुलैपर्यंत, ५३ दिवस चालला. युद्ध चालू असताना! म्हणजे या निकालाची किंमत होती आणि ती देशाने मोजली. न्यायमूर्ती डग्लस यांनी एक किस्सा सांगितला आहे. ब्लॅक यांनी पुढे ट्रुमन यांना आणि सगळ्या न्यायमूर्तींना घरी बोलावलं. ट्रुमन सुरुवातीला फुगलेले होते. मग म्हणाले, तुमचा कायदा मला काही फारसा पटलेला नाही, पण तुमची व्हिस्की मात्र छान आहे.

किस्सा गमतीचा आहे, पण तो तसा राहिला, कारण ट्रुमन यांनी निकाल मानला. निकाल मानायला लावणारं कलम दाखवता येतं, मानायला लावणारा शिपाई दाखवता येत नाही.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडू. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत दोन्ही पद्धतींची तुलना केली होती. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, उत्तरदायित्व कमी. संसदीय पद्धतीत उलट, कारण तिथे सरकारला सभागृहात रोजच्या रोज जाब द्यावा लागतो. आपण दुसरी पद्धत घेतली. पोलादाच्या प्रकरणात तो फरक दिसतो. ट्रुमन यांना काँग्रेसमध्ये उभं राहून प्रश्नांना उत्तर द्यायचं नव्हतं. त्यांनी पत्र पाठवलं, काँग्रेस गप्प राहिली, आणि जाब विचारायचं काम न्यायालयाकडे गेलं.

आणि आता ते गप्प राहणं. १९८१ साली इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेच्या कराराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा जॅक्सन यांच्याच पायऱ्या वापरल्या गेल्या. निकाल लिहिला विल्यम रेन्क्विस्ट यांनी, जे १९५२ साली तरुणपणी जॅक्सन यांचे सहायक होते. या वेळी निकाल राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने गेला, आणि एक कारण असं की काँग्रेस अशा गोष्टी पूर्वीपासून चालू देत आली होती. चालू देणं म्हणजे हळूहळू देऊन टाकणं. जॅक्सन यांनी १९५२मध्येच बजावलं होतं की काँग्रेसच्या बोटांतून सत्ता निसटू लागली, तर ती फक्त काँग्रेसच थांबवू शकते, न्यायालय नाही.

म्हणून अमेरिकेतली पुढची कुठलीही अशी बातमी वाचाल तेव्हा राष्ट्राध्यक्षाने काय केलं हे बघाच, न्यायालय काय म्हणालं हेही बघा. पण आधी विचारा, काँग्रेस काय म्हणाली? काही म्हणाली का?

इथे थांबू. प्रश्न घेऊ या.