१९०८, सहा घाट आणि एक रोल्स-रॉईस

अलवरच्या महाराजांनी रोल्स-रॉईसला झाडू बांधून कचरा उचलायला लावला, ही गोष्ट दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी ग्रुपवर टाकतंच. कधी अलवरच्या जागी भरतपूर येतं, कधी पतियाळा, कधी हैदराबाद. लंडनच्या शोरूममध्ये अपमान, मग सूड, मग कंपनीचा माफीनामा. एवढा माफीनामा आला असेल तर तो कागद कुठे आहे, हे मात्र फॉरवर्ड करणारा सांगत नाही. आपल्याला ती गोष्ट आवडते, कारण तिच्यात साहेबाची जिरते. असू दे. पण तिच्या नादात एक खरी, आपल्या सह्याद्रीत घडलेली गोष्ट मागे पडते, म्हणून आज ती लिहितोय.

१९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. एकूण ६२० मैल, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, आणि वाटेत सहा घाट. ही वेगाची शर्यत नव्हती. अशा चाचणीत पाहायचं ते एवढंच, की गाडी मध्येच बंद न पडता, कुणी ढकलल्याशिवाय शेवटपर्यंत जाते का. रोल्स-रॉईसची एक ४०/५० हॉर्सपॉवरची गाडी तिथे उतरली होती. हेच मॉडेल पुढे 'सिल्व्हर घोस्ट' नावाने जगभर गाजलं. आपल्याकडे आलेल्या या गाडीचं नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचा मोती. ती चाचणी तिने मारली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. म्हणजे वानवडीला ज्यांची छत्री आहे त्या महादजींच्या गादीवरचा पुरुष.

यात विशेष काय, असं आजच्या वाचकाला वाटेल. आज आपण खंबाटकी बोगद्यातून गाणी ऐकत पार करतो. पण १९०८ चा रस्ता डोळ्यापुढे आणा. डांबर नाही, मुरूम, खडी आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. पेट्रोल पंप नाहीत, पेट्रोल डब्यातून मिळायचं. टायर पातळ, पंक्चर ठरलेलं. आणि घाट म्हणजे इंजिनाची खरी परीक्षा. चढावर गाडी खालच्या गियरमध्ये, इंजिन पूर्ण ताकदीने ओढतंय, पण वेग कमी असल्याने रेडिएटरमधून वारा जात नाही. पाणी उकळतं, वाफ निघते, गाडी थांबते. ज्यांनी जुन्या फियाटमधून किंवा अ‍ॅम्बॅसॅडरमधून उन्हाळ्यात खंडाळा चढलाय, त्यांना बॉनेट उघडून पाण्याची बाटली शोधणारे काका आठवतील. उतरताना तर आणखी वाईट, कारण त्या काळच्या गाड्यांना पुढच्या चाकांना ब्रेकच नसत. सिल्व्हर घोस्टलाही पुढची पंधरा-सोळा वर्षं ते नव्हते. दीड-दोन टनांचं धूड मागच्या ब्रेकवर आणि गियरवर सावरत सहा घाट उतरायचे!

मग ही गाडी टिकली कशी? इथे मला हेन्री रॉइस या माणसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. 'ब्रिटिश लक्झरी' म्हटलं की लॉर्ड, शिकार, सिगार असलं काहीतरी समोर येतं. रॉइस हा एका बुडालेल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. लहानपणी त्याने पेपर विकले, तारा वाटल्या. शाळा जेमतेम. पुढे मँचेस्टरला विजेच्या क्रेन बनवायचा. स्वतःसाठी एक फ्रेंच गाडी घेतली, तिच्यात खोडी दिसल्या, म्हणून त्याने स्वतःच गाडी बनवायला घेतली. लॉर्डाचा मुलगा होता तो दुसरा, चार्ल्स रोल्स. त्याचं लंडनला गाड्या विकायचं दुकान होतं. दोघे मे १९०४ मध्ये मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात भेटले. नावात रोल्स पहिला आला, पण गाडीतलं जे काही चांगलं आहे ते बहुतेक रॉइसच्या हातचं.

त्या काळी सहा सिलिंडरच्या इंजिनांची एक मोठी बदनामी होती. लांब क्रँकशाफ्ट थरथरायचा आणि शेवटी मोडायचा. रॉइसने तो जाडजूड केला, सात बेअरिंगांवर बसवला, तेल दाबाने प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवलं. इंजिन सात लिटरचं, तीन-तीन सिलिंडरच्या दोन ठोकळ्यांत. प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग, एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी चालू. यात चमत्कार कुठेच नाही, नुसती चिकाटी आहे. १९०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर याच मॉडेलची एक गाडी १५,००० मैल चालवली आणि मग सगळी खोलून तपासली. झिजलेले भाग बदलायचा खर्च दोन पौंडांहून थोडा जास्त आला. आणि आवाज! गाडी एवढी शांत, की 'घोस्ट' हे नाव त्यावरूनच पडलं.

आणखी एक गंमत. कंपनी त्या काळी पूर्ण गाडी विकतच नसे. ती द्यायची चेसिस: सांगाडा, इंजिन, चाकं. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घेई. लाकडाची चौकट, वर पत्रा, हाताने रंग. हा घोडागाडीचा धंदा मोटारीत शिरलेला. म्हणून दोन रोल्स-रॉईस सारख्या दिसत नाहीत. (आणि हो, इंग्रज शौकिनांच्या हिशेबात 'विंटेज' म्हणजे १९१९ ते १९३०. आपली १९०८ ची गाडी त्यांच्या लेखी 'एडवर्डियन'. आपण मात्र पद्मिनीलाही विंटेज म्हणतो, त्याला माझी हरकत नाही.)

आता पैशाचं. चेसिसची किंमत हजार पौंडांच्या घरात. पौंडाला तेव्हा १५ रुपये. म्हणजे बॉडी आणि बोटीचं भाडं सोडून १५,००० रुपये. हा आकडा कळायला आमच्या भागातलंच उदाहरण घेतो. कर्वेनगर तेव्हा कर्वेनगर नव्हतं, हिंगणे बुद्रुक होतं. १९०० मध्ये अण्णांनी, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांनी, आपला अनाथ बालिकाश्रम इथल्या माळावर एका झोपडीत आणला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि हिंगण्याची वाट पायी तुडवायची, असं वर्षानुवर्षं चाललं. पावसाळ्यात त्या वाटेचा चिखल कसा असेल, ते कर्वे रोडवर मेट्रोचं काम चालू असताना आपण थोडंफार अनुभवलंय. फर्ग्युसनच्या आजीव सदस्यांचा पगार त्या सुमारास महिना ७५ रुपये. भागाकार करून बघा: नुसत्या चेसिससाठी २०० महिने, सोळा वर्षं आठ महिने. अण्णांनी तिथे शिकवलं एकूण तेवीस वर्षं. ज्या साली ती गाडी कोल्हापूरच्या वाटेवर धावली, त्याच १९०८ मध्ये पन्नाशीच्या अण्णांनी संस्थेला आयुष्य वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी निष्काम कर्म मठ काढला आणि त्यासाठी वर्गणी गोळा करत हिंडत होते.

तीनच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली होती. जुलै १९०८ मध्ये टिळकांना मुंबईच्या हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्यांतले कामगार रस्त्यावर उतरले. एकीकडे साहेबाच्या कापडाला काडी, दुसरीकडे साहेबाच्या गाडीला हार. दोन्ही आपलीच माणसं. मला यात ढोंग वाटत नाही, पण हे दोन्ही एकाच पानावर लिहायला हवं असं वाटतं. ग्वाल्हेरच्या खजिन्यातला पैसा शेतसाऱ्याचा होता. माधवराव यंत्रांचे खरे वेडे. त्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरायची. वेड खरं होतं आणि बिल रयतेचं होतं. त्याच दशकात कोल्हापूरला शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम सुरू केलं, हेही ध्यानात ठेवा. संस्थानिक म्हटले की सगळे एका मापाचे, असं नव्हतं.

या सगळ्यात एक माणूस कायम गाळला जातो: संस्थानाच्या मोटारखान्यातला मिस्त्री. इंग्लंडहून सुटा भाग बोटीने यायचा, तोवर गाडी उभी ठेवून सरकारांना चालायचं नाही. मग तो भाग इथेच घडवायचा. लेथवर, कानशीने, नजरेच्या मापाने. म्हादबा मेस्त्रींचं नाव कोल्हापूरच्या उद्योगात आजही आदराने घेतात, आणि बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच बनवला. परकं यंत्र खोलून समजून घ्यायचं आणि तसंच करून दाखवायचं, ही त्या गावाची खोडच. परदेशी मोटारींनी या हातांना काय शिकवलं, याचा इतिहास कुणीतरी बसून लिहायला पाहिजे. गाडीच्या मालकांवर जाडजाड रंगीत पुस्तकं आहेत. मिस्त्रींची नावंसुद्धा आपल्याला नीट ठाऊक नाहीत.

१९७१ मध्ये तनखे बंद झाले. वाड्यांतल्या गाड्या मिळेल त्या किमतीला गेल्या, बऱ्याच परदेशी गेल्या. मग सरकारने जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, तोवर व्हायचं ते बरंच होऊन गेलं होतं. आता २०२१ चा केंद्राचा नियम आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मात्र ती रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. धूर आणि ट्रॅफिक बघता हे मला मान्य आहे. या नियमाने गाडीला कागद मिळाला, भंगारातून सूट मिळाली. तिला चालू ठेवणारा कारागीर तयार व्हावा यासाठी त्यात काहीच नाही. कार्ब्युरेटर कानाने लावणारे मिस्त्री आपल्या भागातही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि सगळे साठीच्या पुढचे. आयटीआयमध्ये जुन्या इंजिनांचा एखादा छोटा अभ्यासक्रम आणि या मिस्त्रींना तिथे मानधनावर बोलावणं, एवढं राज्य सरकारला जमायला हरकत नाही. आमदार-नगरसेवक विंटेज रॅलीला झेंडा दाखवायला येतातच, तेव्हा कुणीतरी हे त्यांच्या कानावर घालावं.

आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा कुठल्याही संस्थानाच्या मोटारखान्यात कामाला होते, त्यांनी एवढं करा. पगाराची चिठ्ठी, दुरुस्तीची वही, सुट्या भागांचं बिल, गाडीशेजारी उभा राहून काढलेला फोटो, जे काही माळ्यावर असेल ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. फोटोमागे नाव आणि साल पेन्सिलने लिहा. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे. तिथे आधी दाखवा.