राखीव रान आणि सुटीचे पाहुणे

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, टोरांटो शहराच्या उत्तरेस, अल्गॉन्क्विन नावाचे एक वनोद्यान आहे. त्याचा विस्तार साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढा. ज्यांची मुलेबाळे टोरांटोकडे स्थायिक झाली आहेत, त्यांनी तेथील शरदातल्या लाल मेपल वृक्षांची छायाचित्रे पाहिलीच असतील. तळ्याकाठी तंबू, शेजारी पालथी घातलेली होडी आणि सभोवार माणसाचा वारा न लागलेले रान, असे ते चित्र असते. यातले शेवटचे विशेषण कितपत खरे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

१८९३ साली प्रांतिक सरकारने हे उद्यान स्थापिले, ते मुख्यतः पाण्यासाठी. मडावास्का, पेटावावा, मस्कोका अशा नद्यांचा उगम या टेकाडांत होतो. रान तोडून शेती झाली तर उगम आटतील, हा विचार जमीनखात्यातील ॲलेक्झांडर कर्कवुड या अधिकाऱ्याने लावून धरला. म्हणून शेतकऱ्याला मज्जाव झाला, शिकाऱ्याला झाला. लाकूडतोडीच्या कंपन्यांना मात्र झाला नाही. उलट त्यांना ही व्यवस्था सोयीचीच होती. वसाहत करणाऱ्याने जमीन साफ करण्यासाठी लावलेली आग पाइनच्या रानात शिरेल, ही त्यांची धास्ती त्यामुळे परस्पर मिटली!

नाव मात्र तेथील मूळ रहिवाशांचे ठेवले. अल्गॉन्क्विन लोक पिढ्यान्‌पिढ्या याच तळ्यांवर शिकार करीत आले होते. कर्कवुडने त्यांच्या गौरवार्थच हे नाव सुचविले होते. आणि शिकारबंदीचा कायदा झाला तो त्यांनाही लागू झाला. गौरव करण्याची ही रीत जगात इतरत्रही आढळते.

पाहुणे आले ते आगगाडीने. जे. आर. बूथ या लाकडाच्या बड्या व्यापाऱ्याने १८९० च्या दशकात उद्यानाच्या दक्षिण भागातून लोहमार्ग नेला, तो लाकूड आणि धान्य वाहण्यासाठी. पुढे तो ग्रँड ट्रंक कंपनीकडे आला, आणि उतारू मिळवावयाचे तर त्यांना उतरावयास जागा हवी, हे तिने ओळखले. १९०८ मध्ये कॅश तळ्याकाठी हायलँड इन हे हॉटेल उभे राहिले. १९१३ मध्ये नॉमिनिगन आणि मिनेसिंग अशी दोन विश्रामगृहे आणखी आत बांधण्यात आली. भिंती सालीसकट ओंडक्यांच्या, आणि आत शहरी माणसाला लागणाऱ्या सोयी. स्टेशनावरून घोडागाडीने धक्के खात जावयाचे, ही अरण्यवासाची सुरुवात.

परंतु खरी हौस होडीची. ‘कनू’ म्हणतात ती होडी मुळात याच लोकांची. सीडरच्या कामट्यांवर भूर्जवृक्षाची साल चढवावयाची, ती स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवावयाची आणि सांधे डिंकाने बुजवावयाचे. एक तळे संपले की होडी पालथी करून खांद्यावर घ्यावयाची आणि पायवाटेने दुसऱ्या तळ्याशी जावयाचे. पाहुण्यांच्या होड्यांवर सालीऐवजी कॅनव्हास आले, तरी घडण तीच राहिली आणि कित्येक वाटाही त्याच. चित्रकार टॉम टॉमसन १९१२ पासून येथे येऊ लागला. वाटाड्याचे कामही त्याने केले. १९१७ च्या जुलैत कनू तळ्यातच त्याला मृत्यू आला. त्याच तळ्यावर १९२१ मध्ये टेलर स्टॅटन यांनी मुलांचे आमेक शिबिर सुरू केले. रात्री शेकोटीभोवती मूळ रहिवाशांचा वेष घेऊन सभा भरवीत. त्या लोकांपैकी कोणी याच रानात सापळा लावला असता, तर तो चोर ठरला असता.

१९३३ मध्ये एक पूल धोक्याचा ठरला आणि आरपार जाणारी रेल्वे तुटली. १९३६ च्या सुमारास मोटररस्ता झाला आणि गर्दी वाढली. तेव्हा सरकारलाच रानाची काळजी वाटू लागली. १९५४ पासून हॉटेले विकत घेऊन ती काढून टाकण्याचे धोरण आले. १९५६ मध्ये हायलँड इन घेतले, पाडले आणि त्या जागी पाइनची रोपे लावली. आज तेथून जाणाऱ्याला ते रान अनादि वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जे रक्षक लांडगे मारीत, त्याच उद्यानाने १९६३ च्या ऑगस्टमध्ये लोकांना रात्री लांडग्यांचा आवाज ऐकावयास नेले! लाकूडतोड मात्र अजून चालू आहे. पर्यटकाच्या तळ्यांपासून ती दूर ठेवतात, इतकेच.

या भूमीवरील हक्क आम्ही तहाने कधी सोडलाच नाही, असे अल्गॉन्क्विन लोकांचे म्हणणे. १९८३ मध्ये त्यांनी ओटावात पुन्हा अर्ज केला. १९९१ मध्ये त्यांना उद्यानाच्या काही भागात शिकारीची परवानगी मिळाली, आणि तंबूवाल्या हौशी मंडळींनीच त्यावर मोठा गिल्ला केला. २०१६ च्या ऑक्टोबरात दोन्ही सरकारांनी त्यांच्याशी तत्त्वतः करार केला. त्यात उद्यान उद्यानच राहील, असे कलम आहे.