तांडा जिथं उतरला

राठोड कुळातले जंगी आणि भंगी हे दोन नायक दख्खनेत उतरले तेव्हा त्यांच्यासोबत १,८०,००० बैल होते. त्यांच्याच वाटेनं वडत्या कुळाचा भगवानदास आला, तो ५२,००० बैलांचा धनी. हे आकडे लिहून ठेवले एन. आर. कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्यानं. तेव्हाच्या वऱ्हाडातल्या वणी जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या यवतमाळ मुलखाचा, तो पोलीस अधीक्षक. बंजाऱ्यांवरचं त्याचं छोटं पुस्तक १८८२ मध्ये मुंबईत छापलं गेलं. घटना तेव्हाच अडीचशे वर्षांपूर्वीची असल्यानं एखादं शून्य वाटेत वाढलंही असेल. पण स्वारी खरी होती. शहाजहानचा वजीर आसफखान १६३१ मध्ये विजापूरवर चालून आला, त्या फौजेला दाणा पुरवायचं काम लमाणांकडे, म्हणजे बंजाऱ्यांकडे, होतं. तांड्यांच्या आठवणीत जंगी आणि भंगी हे भाऊ आहेत. दोन भाऊ आपापली कुटुंबं, गुरंढोरं आणि सगळं गणगोत घेऊन शेकडो कोस चालत आले, परत गेले नाहीत.

या भावांना आसफखानानं ताम्रपट दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. सोन्याच्या अक्षरांत त्यांना तीन सवलती लिहून दिल्या होत्या म्हणतात: कुणाच्याही रांजणातलं पाणी घ्यावं, कुणाच्याही छपराचं गवत काढावं आणि दिवसाला तीन खून माफ. बदल्यात अट एकच, जिथं आसफखानाचे घोडे तिथं यांचे बैल पोचले पाहिजेत. पुढं लोकांनी या आसफखानाला हैदराबादच्या निजामाच्या घराण्यात नेऊन बसवलं, पण त्या घराण्यातला आसफजाह जवळजवळ शंभर वर्षांनंतरचा. खुनांची माफी ऐकणाऱ्याचं लक्ष वेधून घेते, पण खरी गोम छपराच्या गवतात आहे. १६३० पासून गुजरात, खानदेश आणि दख्खन दुष्काळात होरपळत होते. रानात काडी उरली नसेल तर लाखभर बैल खाणार काय? झोपडीवरचं गवत ओढून बैलांपुढं टाकायची मुभा म्हणजे गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर फौजेच्या चाऱ्यात जमा करणं. ताम्रपट कौतुकानं सांगताना हे सहसा कुणी बोलत नाही.

त्याच दुष्काळात पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला आणि वाटेतली प्रेतं त्यानं रोजनिशीत नोंदवली. पुढं १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जाताना त्याला धान्यानं लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. थोडं पुढं गेल्यावर आणखी एक, २०,००० बैलांचा, मुख्यतः साखरेचा. मंडी चौकस माणूस होता. एका तांड्यात सहा-सातशे माणसं असतात, बायकापोरांसह सगळा संसार सोबत चालतो, दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त मजल मारत नाहीत, असं त्यानं लिहिलं. बैल बहुधा त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, धान्यही पुष्कळदा स्वतःच घेऊन स्वतःच विकायचे. बायका धीट, आणि मारामारीची वेळ आली तर पुरुषांच्या बरोबरीनं हात चालवतात, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याची तक्रार वेगळी होती: अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की सगळं पुढं सरकेपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावं लागतं.

या धंद्याला लमाण ‘लदेणी’ म्हणतात. गाडी नाही, चाक नाही. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोण, एवढंच वाहन. किनाऱ्यावरून मीठ वर यायचं, वरून धान्य खाली जायचं. घाटातल्या पायवाटेवर गाडीपेक्षा पाठीवर ओझं वाहणारा बैलच बरा पडायचा. तांड्याच्या पुढं एक सजवलेला देवाचा बैल असे. त्याच्या पाठीवर ओझं कधी टाकायचं नाही आणि तो जिथं बसेल तिथं त्या दिवशीचा मुक्काम. मुक्कामाला गोणींची थप्पी रचून भिंत उभी राहायची, राखणीला कुत्री असायची. नायक, कारभारी आणि ‘नसाब’ ही त्यांची पंचायत, असा सगळा कारभार चालता-बोलता होता. इथं कुटुंब आणि धंदा वेगळे काढताच येत नाहीत. भावांचे बैल एकाच रांगेत चालायचे, एका भावाचा बैल लंगडला तर त्याची गोण दुसऱ्याच्या बैलावर चढायची.

थांबणं फक्त पावसाळ्यात. वऱ्हाडच्या काळ्या मातीत एक पाऊस पडला तरी पाय निघत नाही, तिथं लादलेल्या बैलाची काय कथा. म्हणून चार महिने तांडा कुठंतरी माळावर टेकायचा आणि लग्नं तेव्हाच उरकायची. तांड्यातली मुलगी सासरी जायची म्हणजे दुसऱ्या तांड्यात जायची. तो तांडा पुढं मीठ आणायला उतरणार की धान्य घेऊन वर जाणार, हे तिच्या माहेरी कुणालाच ठाऊक नसे. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी निरोपाला ‘ढावलो’ गाते, आईबापांच्या आणि भावांच्या गळ्यात पडून रडत गाते. मग तिला बैलावर उभं करतात आणि ती हात वर करून माहेरच्या तांड्याचं भलं चिंतते, त्या गाण्याला ‘हवेली’ म्हणतात. आता बैलाची जागा बहुतेक ठिकाणी बोलेरोनं घेतली आहे. गाणं मात्र अनेक घरांत टिकून आहे.

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे गाव या फिरस्त्यांची काशी झालं ते सेवालाल महाराजांमुळे. लोकांच्या तोंडी ते ‘सेवाभाया’ आहेत, म्हणजे सेवा दादा. बापाचं नाव भीमा नायक, आईचं धर्मणी. त्यांची जयंती १५ फेब्रुवारीला साजरी होते आणि जन्मसाल १७३९ मानतात. जन्मस्थानावर दोन राज्यांचा हक्क आहे. कर्नाटकातले लोक दावणगेरे जिल्ह्यातलं सुरगोंडनकोप्प सांगतात, आंध्रातले गुत्तीजवळचं सेवागड. बाप लदेणीवर असलेल्या मुलाचा जन्म नेमका कुठल्या मुक्कामावर झाला यावर वाद व्हायचाच. परंपरेप्रमाणे १८०६ च्या डिसेंबरात त्यांनी देह ठेवला आणि समाधी इथंच, पोहरागडावर, बांधली गेली. ब्रह्मचारी राहिलेला, तोळाराम घोड्यावर बसून तांड्यामागून तांडा हिंडणारा, गुरंढोरं आणि माणसं सांभाळणारा भाऊ अशीच त्यांची मूर्ती गोरबोलीतल्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेतल्या, कथांत आहे.

त्यांच्यानंतर पन्नास-साठ वर्षांत धंदाच बुडाला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, १८६७ मध्ये रूळ वऱ्हाडातून नागपूरला पोचले. कापूस आणि मीठ डब्यातून जाऊ लागल्यावर बैलाच्या पाठीला गिऱ्हाईक उरलं नाही. वेलस्लीच्या १८०३ च्या दख्खन मोहिमेत ज्यांच्या धान्यावर इंग्रजांचे शिपाई जगले, त्यांच्याकडेच सरकार पुढं संशयानं पाहू लागलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा कित्येक प्रांतांत लमाणांनाही लागू झाला. सतत फिरणारा माणूस म्हणजे चोर, असा त्यामागचा हिशेब. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. मधल्या काळात तांडे जिथं होते तिथं टेकले, बहुधा गावापासून दूर, टेकडीच्या उतारावर, जिथली जमीन आणखी कुणाला नको होती. पुसद, दिग्रस, मानोरा हा पट्टा असाच भरला. पुसदजवळच्या गहुली तांड्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. त्यांचे थोरले बंधू राजूसिंग यांचे चिरंजीव सुधाकरराव १९९१ मध्ये त्याच खुर्चीवर बसले.

पण सगळ्यांचेच तांडे गहुलीला उतरले नव्हते. कुणी आदिलाबादेत थांबला, कुणी विजापुराकडे, कुणी मानोऱ्यात. पुढं राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि एकाच कुळातल्या भावांची सरकारी कागदावर तीन वेगळी माणसं झाली. तेलंगणा आणि आंध्रात लंबाडा अनुसूचित जमातीत, कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती (अ) मध्ये, ३ टक्क्यांच्या आरक्षणात. नांदेडच्या पलीकडं मामा आदिवासी, अलीकडं भाचा विमुक्त. सीमा ओलांडून बिऱ्हाड हलवलं तर काय होतं, याचाही निकाल लागलेला आहे. मुंबईतल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून झालेल्या खटल्यात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एका राज्यातला जमातीचा दर्जा माणसासोबत दुसऱ्या राज्यात येत नाही. तो विद्यार्थी आंध्रातल्या दुसऱ्या एका जमातीचा होता, पण नियम सगळ्यांना सारखाच लागतो. ज्यांच्या पणज्यांनी अर्धा देश पायी तुडवला त्यांना तो जास्त टोचतो, इतकंच. २०२५ मध्ये मराठा आरक्षणासाठी निजाम राजवटीतल्या ‘हैदराबाद गॅझेट’चा आधार मान्य झाला. त्याच दस्तऐवजावर बोट ठेवून महाराष्ट्रातल्या बंजाऱ्यांनी अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. आधीपासून त्या यादीत असलेल्या आदिवासी संघटनांनी त्याला तितकाच जोरदार विरोध केला.

रामनवमीला पोहरादेवीत हे तिन्ही कागद एका रांगेत उभे राहतात. तेलंगणाच्या जीपा, कर्नाटकाच्या बसा, मराठवाड्यातले टेम्पो. पाट्या वेगवेगळ्या लिपींतल्या, आत बोलणं मात्र गोरबोलीत. आडनावावरून कूळ विचारलं जातं, कुळावरून नातं जुळतं, कधी सोयरीकही ठरते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथं बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन केलं. इमारतीला नंगाऱ्याचा, म्हणजे नगाऱ्याचा, आकार दिलेला आहे. आत समाजाचा इतिहास मांडला आहे, बाहेर गाड्या लावायला माळ अपुरा पडतो. आणि आसफखानाचा तो ताम्रपट? कंबरलेजच्या वेळी तो हैदराबादेत भंगी नायकाच्या वंशजाकडे असल्याचं सांगितलं जात होतं.