मेरी आणि रोडा

१९७० साली अमेरिकेत 'द मेरी टायलर मूर शो' सुरू झाला. नायिका मेरी घटस्फोटित असावी, असं लेखकांच्या मनात होतं. सीबीएस वाहिनीने साफ नकार दिला. शेवटी मोडलेल्या प्रेमसंबंधावर भागवलं.

मला मात्र तिची मैत्रीण रोडा जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्याच भागात दोघी एका घरासाठी भांडतात. घर मेरीला मिळतं, रोडा वरच्या माळ्यावर राहते, आणि तिथूनच मैत्री जुळते. दोघी एकट्या, नोकरदार, तिशीच्या. बाईच बाईची वैरी, असं आपण किती सहज बोलून जातो! इथे भांडण आहे, थोडा हेवाही आहे, तरी एकमेकींशिवाय करमत नाही.

पुढे रोडाची स्वतंत्र मालिका निघाली. १९७४ साली तिचं लग्न लागलं आणि काही वर्षांनी, त्याच सीबीएसवर, घटस्फोटही झाला.