लपवून जगण्याचा ताण : थोडा इतिहास



झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं जड असतं. तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल. अशा तक्रारींची कारणं अनेक असतात. त्यातलं एक रुग्ण सहसा सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाही : आपण समलैंगिक आहोत हे घरच्यांपासून लपवावं लागणं.

लपवणं हे रोजचं काम असतं. बोलताना 'तो'च्या जागी 'ती' म्हणायचं. मोबाईलमध्ये नंबर दुसऱ्याच नावानं ठेवायचा. लग्नाचा विषय निघाला की आधी 'नोकरी लागू द्या', मग 'बहिणीचं होऊ द्या'. मुलींना तेवढीही सवड मिळत नाही. कुहीसारख्या गावात कंपाउंडरपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे ओळखीचे. म्हणून माणूस तपासणीला नागपूर गाठतो, नाहीतर तपासणीच टाळतो. सतत सावध राहिल्यानं शरीरातली ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात. झोप बिघडते, चिंता आणि नैराश्य मागे लागतं.

ही वेळ आली कशी? इंग्रजांनी १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७७ घातलं. शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती. पुढे वैद्यकशास्त्रानंही याला आजार ठरवलं. कायदा गुन्हेगार म्हणतो, डॉक्टर रोगी म्हणतो. मग बोलायचं कुणाशी?

मराठीत एकानं मात्र दार उघडलं. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली. समलैंगिकता, हस्तमैथुन अशा प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही, लोकांना शंका असतील तर ज्ञान मिळायलाच हवं, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

वैद्यकशास्त्राला आपली चूक सुधारायला पुढची अनेक वर्षं लागली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्याच वर्षी मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं समलैंगिकता 'बरी' करण्याचे उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं.

म्हणजे आजार नव्हताच. आजारी पाडत होतं ते लपवणं.

तुमच्यावर ही वेळ असेल, तर गावाला सांगायची गरज नाही. कधी, कुणाला सांगायचं हे तुम्हीच ठरवा. पण डॉक्टरला सांगितलेलं गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. समोर बोलायला जड जात असेल तर १४४१६ या टेली मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

आणि आईवडिलांनो, लग्न हा यावरचा इलाज नाही. त्यात तुमच्या लेकरासोबत दुसऱ्याचंही लेकरू भरडलं जातं.